राणीच्या बागेतलं म्युझियम, पुतळे आणि प्रदर्शनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भायखळ्याच्या राणीच्या बागेत वर्षातून चार-पाच वेळा तरी माझी फेरी होते, आणि बहुतेक वेळा कुणीतरी सोबत असतं. कधी पुण्याची भाचरं, कधी परदेशातून आलेली मैत्रीण, कधी शेजारच्या काकू. दर वेळी प्रश्न तेच. म्हणून एकदाचे उत्तरांसकट लिहून ठेवते. पेंग्विन कुठल्या वेळी पोहतात हा प्रश्न यात नाही, तो तुमची मुलं तिथे गेल्यावर स्वतःच विचारतील.

राणीच्या बागेत म्युझियम आहे? आम्ही लहानपणापासून जातोय, कधी दिसलं नाही.

दिसलंय, पण तुम्हाला ते कुठलंतरी सरकारी ऑफिस वाटलं असणार. बागेच्या दरवाजापाशीच, समोर घड्याळाचा मनोरा असलेली ती देखणी जुनी इमारत म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुंबईतलं सगळ्यांत जुनं म्युझियम. बहुतेक कुटुंबं तिच्यावरून सरळ वाघाकडे जातात आणि परतताना पोरं झोपाळलेली असतात, त्यामुळे राहूनच जातं. माझं स्वतःचं दहावीपर्यंत राहिलं होतं.

राणीची बाग की राणीचा बाग? आणि ही राणी कोण?

आजीच्या तोंडी कायम ‘राणीचा बाग’. तेव्हा बाग हा शब्द पुल्लिंगी सर्रास चालायचा. आता ‘राणीची बाग’ रुळलंय. राणी म्हणजे व्हिक्टोरिया. १८६२ मध्ये ही बाग लोकांसाठी खुली झाली तेव्हा नाव व्हिक्टोरिया गार्डन्स होतं आणि म्युझियमचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. पुढे बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव मिळालं, तर म्युझियमला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचं. टॅक्सीवाल्याला मात्र राणीबागच सांगा.

झाडांच्या बागेत म्युझियम कशासाठी बांधलं? ही जोडी जमली कशी?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आज आपण बाग, प्राणी आणि म्युझियम या तीन वेगळ्या गोष्टी समजतो. सुरुवातीला बाग आणि म्युझियम हे एकाच कल्पनेचे दोन भाग होते. कंपनी सरकारला या मुलखात काय पिकतं, काय विणलं जातं, कुठलं लाकूड, कुठला डिंक, कुठला कापूस विकण्याजोगा आहे, हे मांडून दाखवायचं होतं. १८५० च्या दशकात कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्टातल्या बराकींत अशा मालाचं एक सरकारी संग्रहालय सुरू झालं. डॉ. जॉर्ज बुइस्ट ते बघत. १८५७ चा उठाव झाला, बराकी सैन्याला हव्या झाल्या आणि सामान घाईघाईने बाहेर काढलं गेलं. त्यात पुष्कळ नासलं. उरलंसुरलं डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी सांभाळलं आणि नवी इमारत हवी म्हणून नेट लावला. त्यांच्या बरोबरीने जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी उभे राहिले, गावातून वर्गणी जमली.

बागेची कथाही अशाच उचलाउचलीची. ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी’ या शेती-बागायतीच्या मंडळाची बाग होती शिवडीला. ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि झाडांचा बाडबिस्तरा माझगावच्या माउंट इस्टेटीवर, म्हणजे आजच्या जागी आला. १८६२ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी त्याच आवारात म्युझियमची पायाभरणी केली. थोडक्यात, ओला माल बागेत आणि सुका माल कपाटात. दोन्ही बघायचे तरच चित्र पुरं होतं. कपाटात लाकडी नक्षीकाम बघून बाहेर आलात की ते लाकूड ज्यावर वाढतं तो बुंधा शोधायचा, असा माझा शिरस्ता आहे. दर वेळी सापडतो असं नाही.

पायाभरणी १८६२ ची आणि उद्घाटन १८७२ चं. दहा वर्षं काय केलं?

पैसे बुडाले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस लागू लागला. शहरात पैशाचा पूर आला. जो तो शेअर घेऊ लागला, देणग्या फुटल्या, पुतळ्यांच्या ऑर्डरी गेल्या. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कालचे लखपती कोर्टात उभे राहिले. वर्गणीवर उभी राहणारी ही इमारत अर्धवट राहिली. शेवटी सरकारने पैसा घालून ती पुरी केली आणि २ मे १८७२ रोजी म्युझियम उघडलं. बाहेरचा घड्याळ-मनोरा मात्र १८६५ चाच, तो डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने दिला.

भाऊ दाजींचं नाव का दिलं? ते तर डॉक्टर होते ना?

डॉक्टर होतेच, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीतले. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. पण प्रॅक्टिस सांभाळून हा माणूस अजिंठ्याचे शिलालेख वाचायचा, गिरनारच्या लेखांवर लिहायचा, जुनी नाणी आणि पोथ्या जमवायचा, मुलींच्या शाळांसाठी खटपट करायचा आणि दोनदा मुंबईचा शेरीफही झाला. कुष्ठरोगावर त्यांनी कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. कडू कवठ हे आपल्या सह्याद्रीतलं झाड. झाडातून औषध आणि दगडातून इतिहास काढणाऱ्या माणसाचं नाव बागेतल्या म्युझियमला शोभतं. १८७४ मध्ये ते गेले. म्युझियम उघडलेलं त्यांना जेमतेम दोन वर्षं बघायला मिळालं.

आत नेमकं बघायचं काय? तासाभराचाच वेळ आहे.

आत शिरताच मान वर करा. ओतीव लोखंडाचे उंच खांब, सोनेरी मुलामा, छताची नक्षी, पायाखाली मिंटन या इंग्लिश कारखान्याच्या फरश्या. समोर संगमरवरी प्रिन्स अल्बर्ट, व्हिक्टोरिया राणीचा नवरा. मॅथ्यू नोबल या शिल्पकाराचं काम, ससून यांची देणगी. पुतळ्यावर हिब्रू अक्षरं कोरलेली आहेत. मुंबईत, इंग्रज राजपुत्राच्या पायाशी, बगदादी ज्यूने लिहवून घेतलेलं हिब्रू. हे शहर तेव्हा कोणाकोणाचं होतं ते इथे उभ्या उभ्या कळतं.

मग वर जा. वरच्या मजल्यावर मुंबईचं दालन आहे : जुने नकाशे, बेटांची शहर होण्याची गोष्ट आणि मातीच्या, अर्ध्या माणसाएवढ्या मूर्ती. कोण कसा पागोटं बांधायचा, कोण कसं नेसायचं, हे मातीत घडवून ठेवलंय. छोट्या देखाव्यांत बाजार आहेत, खेळ आहेत, धंदे आहेत. हे करून घेतलं इंग्रज अधिकाऱ्यांनी, माणसांना नमुने म्हणून मांडण्याच्या हिशोबानं. ते डाचतंच. पण बोटं आपल्या कारागिरांची होती आणि चेहऱ्यांवर त्यांची नजर उमटली आहे, म्हणून मी तिथे रेंगाळते.

एक वस्तू चुकवू नका, पारशी दख्म्याची, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याच्या गोल मनोऱ्याची प्रतिकृती. खऱ्या दख्म्यात आपल्याला कधीच पाऊल टाकता येणार नाही, पारशी कुटुंबसुद्धा बाहेरच थांबतं. इथे वरून डोकावता येतं : गोलाकार तीन पट्टे, बाहेरचा पुरुषांसाठी, मधला बायकांसाठी, आतला लहान मुलांसाठी, आणि मध्यभागी विहीर. माझ्या भाचीने आतल्या पट्ट्याकडे बोट दाखवून विचारलं, “हे एवढे लहान का?” मी सांगितलं. ती पुढची दोन कपाटं काही बोलली नाही.

तळमजल्यावर मातीची भांडी आहेत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेतली. जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली तिथले विद्यार्थी १८७२ पासून पुढची बरीच वर्षं अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्यातले हंस, कमळवेली, हत्ती या भांड्यांवर उतरले. सुरयांची चकाकी, निळा-हिरवा रंग, आणि त्यावर अजिंठ्याची वेल. तिचं आणि बाहेरच्या तळ्यातल्या कमळांचं नातं लावायचा मोह आवरत नाही.

म्युझियममध्ये तेच ते जुनं असतं की प्रदर्शनं बदलतात?

बदलतात, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार होऊन इमारतीची डागडुजी सुरू झाली. वास्तुसंवर्धनाचं काम विकास दिलावरी यांचं. २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत म्युझियम पुन्हा उघडलं. त्यानंतर आजच्या चित्रकार-शिल्पकारांना बोलावून ‘या कपाटांशी बोला’ असं सांगणारी प्रदर्शनांची मालिका सुरू झाली. २०१० मध्ये सुदर्शन शेट्टी, २०११ मध्ये जितीश कल्लाट, पुढे अतुल दोडिया.

दोडियांच्या प्रदर्शनाचं नावच ‘७००० म्युझियम्स’ होतं. देशात गावोगावी म्युझियम असतं तर, अशी ती कल्पना.

पण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही ते २०१३ मधलं रीना सैनी कल्लाट यांचं काम. म्युझियमच्या दर्शनी भिंतीवर कोळ्याचं भलंमोठं जाळं लटकत होतं. जवळ गेल्यावर लक्षात यायचं की हे दोरे नव्हेत, मोठाले रबरी शिक्के आहेत, शेकड्याने, आणि प्रत्येकावर मुंबईतल्या एकेका रस्त्याचं बदललेलं, जुनं नाव. जाळं म्हणजे पडीक घराची खूण आणि शिक्का म्हणजे सरकारी कारभाराची. ज्या इमारतीचं आणि ज्या बागेचं स्वतःचं नाव बदललंय तिच्याच तोंडावर ते टांगलेलं. शेजारी उभे असलेले एक आजोबा मात्र म्हणत होते, “साफसफाई कधी करणार हे लोक?” त्यांनाही कळलं असेलच थोड्या वेळाने.

अशी प्रदर्शनं कळायला अवघड जातात. चित्रकलेतलं काही समजत नसेल तर?

काहीही वाचायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघा. नंतर भिंतीवरची पाटी वाचा. पाटीवरची भाषा कधी कधी इतकी जड असते की चित्र सोपं वाटतं. मुलांना घेऊन जात असाल तर त्यांना एक काम द्या : जुन्या कपाटात आणि नव्या प्रदर्शनात सारखी दिसणारी एक तरी वस्तू शोधा. त्यांना आपल्या आधी सापडते.

म्युझियमसमोरचा दगडी हत्ती कुठला?

घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. बेटाच्या राजबंदरापाशी तो उभा होता. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं ढासळलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो निसटला आणि तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून टाकले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा हत्ती उभा केला. सांधे बघा, स्पष्ट दिसतात. लेणी बघायला लोक लाँचने तासभर प्रवास करतात आणि ज्याच्यामुळे बेटाला नाव मिळालं तो मात्र भायखळ्यात रस्त्यालगत उभा.

मागच्या अंगणात गोरे साहेब का उभे आहेत?

शहराच्या चौकाचौकांतून काढलेले पुतळे आहेत ते. १९६० च्या दशकात ते हलवले गेले आणि बरेचसे इथे आले : कॉर्नवॉलिस, वेलस्ली, माँटेग्यू वगैरे. आणि व्हिक्टोरिया राणी. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला हा पुतळा १८७२ मध्ये कोटात बसवला. १८९६ मध्ये चाफेकर बंधूंनी त्याला डांबर फासलं आणि गळ्यात खेटरांची माळ घातली. पुण्यात रँडचा वध व्हायच्या आधीच्या वर्षाची ही गोष्ट. आज ही राणी आपल्याच बागेच्या मागच्या अंगणात बसली आहे आणि बागेवर नाव जिजाऊंचं. कुणी मुद्दाम मांडलेलं नसेल, पण शहरातलं इतिहासाचं सगळ्यांत बोलकं प्रदर्शन मला हेच वाटतं.

काळा घोडाही इथेच राणीबागेत आहे. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा काशाचा पुतळा, १८७९ चा, १९६५ मध्ये इकडे आला. तिकडे फोर्टात चौकाला ‘काळा घोडा’ हे नाव राहिलं आणि २०१७ मध्ये स्वार नसलेला नवा घोडा बसला. फेब्रुवारीत तिथल्या काळा घोडा महोत्सवाला गर्दी करणाऱ्यांपैकी खरा घोडा किती जणांनी पाहिलाय, विचारून बघा.

बागेतली झाडं पण प्रदर्शनात धरायची का?

धरायलाच हवीत. प्राणी १८९० च्या सुमारास आले, झाडं त्यांच्या आधीपासून आहेत. तीन झाडं तरी शोधा.

कैलासपती : फुलं फांदीवर नाहीत, थेट खोडातून लोंबणाऱ्या काड्यांवर येतात. फुलाच्या आत पिंडीवर नागाने फणा धरावा तशी रचना, म्हणून हे नाव. झाड मात्र दक्षिण अमेरिकेचं. कैलासाशी त्याचा संबंध आपण जोडला आणि इतका पक्का जोडला की देवळांच्या आवारातही ते लावलं जातं. फळ तोफगोळ्याएवढं असतं, खाली उभे राहू नका.

गोरखचिंच : आफ्रिकेतून व्यापाऱ्यांबरोबर आलेली, हत्तीच्या पायासारखं खोड. फूल रात्री उमलतं.

उर्वशी : ब्रह्मदेशची. हिवाळ्यात लाल-गुलाबी फुलांचे झुपके झुंबरासारखे लटकतात. शास्त्रीय नाव लेडी ॲमहर्स्ट या गव्हर्नर-जनरलच्या बायकोवरून आहे. बागेच्या पाटीवरून राणी गेली, लॅटिनमधून बाईसाहेब काही हलल्या नाहीत.

या झाडांसाठी मुंबईकर भांडलेही आहेत. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाचा परदेशी धर्तीचा मोठा आराखडा आला तेव्हा ही आधी वनस्पतींची बाग आहे, असं म्हणत नागरिकांनी आवाज उठवला. आज जी जुनी झाडं दिसतात त्यात त्या भांडणाचा वाटा आहे.

फुलांचं प्रदर्शन म्हणतात ते हेच का?

नाही, ते वेगळं. महापालिकेचा उद्यान विभाग दरवर्षी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथे फुलं, फळं, भाज्या आणि झाडांचं प्रदर्शन भरवतो. साधारण शुक्रवार ते रविवार. दर वर्षी एखादा विषय घेऊन फुलांचे मोठाले देखावे उभारतात आणि त्यांच्यापुढे सेल्फीसाठी रांगा लागतात. मी देखाव्यांकडे फारशी जात नाही. कुंडीतली वांगी, फळांनी वाकलेलं लिंबू, बोन्साय यांच्या रांगांमध्ये मन रमतं. कुंड्या ठेवणाऱ्या माळ्यांशी बोला. गच्चीवरच्या मिरचीला बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) का येतो हे मला तिथेच कळलं. शुक्रवारी सकाळी जा. रविवारी दुपारी फुलं कमी आणि पाठी जास्त दिसतात.

झाडांची जुनी चित्रं, वनस्पतिचित्रकला, असं काही इथे मिळेल का?

त्याच एका ओढीने येणार असाल तर निराश व्हाल. भाऊ दाजी लाडचा जोर कारागिरीवर आणि शहराच्या इतिहासावर आहे. लंडनच्या क्यू बागेत मेरियन नॉर्थ यांची आठशेहून अधिक चित्रं १८८२ पासून एका खास दालनात, भिंतीला भिडवून लावलेली आहेत, तसं आपल्याकडे नाही. पण आपली गोष्ट कमी नाही. पुण्याजवळ दापोडीला १८२८ पासून सरकारी वनस्पती उद्यान होतं. तिथले प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून झाडांची चित्रं काढून घेतली. चित्रकाराचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. चित्रं आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात आहेत. तिथे राहणारी मराठी मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी चौकशी करावी. दापोडीची झाडं तिथे कागदावर टवटवीत आहेत.

कधी जावं? सुट्टी कधी असते?

बुधवारी बंद. बाग आणि म्युझियम, दोन्ही. हे ठळक लिहिते कारण पुण्याहून आलेल्या मावसबहिणीला मोठ्या तोऱ्यात बुधवारी घेऊन गेले होते आणि दरवाजाबाहेर उसाचा रस पिऊन परतलो होतो. दुरुस्तीसाठीही म्युझियम अधूनमधून बंद असतं, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर नजर टाका. म्युझियमचं तिकीट बागेच्या तिकिटापेक्षा वेगळं.

मध्य रेल्वेने भायखळ्याला उतरा आणि पूर्वेला बाहेर पडा. चालत दहा-पंधरा मिनिटं. स्टेशनाकडेही मान वर करून बघा, १८५० च्या दशकातली इमारत आहे आणि आता नीट सांभाळलेली आहे.

आधी म्युझियम की आधी प्राणी?

मुलं सोबत असतील तर आधी पेंग्विन, नाहीतर ती तुम्हाला एकही कपाट धड बघू देणार नाहीत. एकटे असाल तर सकाळी झाडं, ऊन चढलं की म्युझियम, आणि निघताना मागच्या अंगणात पुतळ्यांपाशी दहा मिनिटं. पाण्याची बाटली जवळ असू द्या.